खंडेनवमीचं कुंकू

खंडेनवमीला आमच्या ऑफिसात झाडलोट करणाऱ्या सुशीलामावशी हळदकुंकवाचं ताट घेऊन प्रत्येकाच्या टेबलाशी येतात. दरवर्षी त्यांचं ठरलेलं वाक्य असतं, "माझा झाडू, तुमचा कम्प्युटर. ज्याचं त्याचं शस्त्र." आणि दरवर्षी आम्ही हसतो.

यंदा मला हसू आलं नाही. नकाशावरच्या कोणत्या घरावर बॉम्ब टाकायचा, हे सुचवणारं सॉफ्टवेअर आमची कंपनी आता लष्करासाठी बनवते आहे. हे काम घेऊ नका, असं सह्यांचं पत्र आम्ही दिलं होतं. "तुमच्या भावनांचा आदर आहे," असं गुळगुळीत उत्तर आलं, आणि त्याच आठवड्यात कंत्राट मिळाल्याचे पेढे वाटले. पत्रावर सही करूनही मी तो पेढा खाल्ला. त्याची किळस अजून जिभेवरून जात नाही.

तलवारीचं वजन निदान उचलणाऱ्याच्या मनगटाला तरी कळतं. आम्ही एसीत बसून, कॉफीचे घोट घेत बटणं दाबतो.

मावशींचं कुंकवाचं बोट माझ्या कम्प्युटरजवळ आलं.

"याला नको, मावशी."

"का हो सर? हे शस्त्र नाही का?"

"इतकी वर्षं नव्हतं," मी म्हणालो. "आता झालंय."