सिहि जोळाचे डबे

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मला चारच शब्द सांगितले होते, आणि त्यातल्या एकाचा मी मला सोयीचा अर्थ लावला. "अन्न बिडरी, जोळ तिनरी." म्हणजे भात सोडा, ज्वारी खा. माझं माहेर उदगीरकडचं, पण कर्नाटकातल्या संतपूरला नांदायला येऊन मला तेव्हा तीसेक वर्षं झाली होती. कन्नडात अन्न म्हणजे भात आणि जोळ म्हणजे ज्वारी, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. आठवडी बाजारात तर मी तेलुगू बोलणाऱ्या बाईशी तिच्याच भाषेत घासाघीस करायची आणि घरी येऊन मालकांना ते दोनदा ऐकवायची. एवढी हुशार बाई. तिने पुढे काय दिवे लावले ते सांगते.

दहा-अकरा वर्षं झाली असतील. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, म्हणून मी बीदरला नौबादमध्ये मुलाकडे राहायला गेले होते. लेकही पहिल्या बाळंतपणाला तिथेच येणार होती. संक्रांतीच्या सुमाराला तिचे दिवस भरत होते. बाळाचं पहिलं दुपटं आजीने आपल्या जुन्या लुगड्यांचं शिवायचं, अशी आमच्या घरची रीत. मी लुगड्यांचं गाठोडं बांधूनच आणलं होतं. पण दोरा ओवायला बसले तर सुईचं नेढं राहिलं बाजूला, सुईच दिसेना. बाळ यायच्या आत मला डोळा हवा होता. डॉक्टरीणबाईंनी मात्र स्पष्ट सांगितलं की शुगर उतरल्याशिवाय त्या डोळ्याला हात लावणार नाहीत. पंधरा दिवसांनी परत यायचं, आणि तोवर ते चार शब्द पाळायचे.

तीन दिवस मी पाळले. चौथ्या दिवशी शेजारी वाढदिवस होता. तिथे माझ्या हातात एक गरम वाटी आली. पिवळे दाणे, वर लोणी. एक चमचा तोंडात घातला आणि मला थेट आमच्या शेतातला हुरडा आठवला. फक्त धूर नाही, कुसळ नाही, तळहातावर चोळायचा त्रास नाही. यजमानीणबाई म्हणाल्या, डब्यात मिळतं.

दुसऱ्या दिवशी सून कामावर गेल्या गेल्या मी भिंतीला धरून कोपऱ्यावरच्या दुकानात. दुकानदार अण्णांनी डबा समोर ठेवला आणि म्हणाले, "सिहि जोळ, अक्का." सिहि म्हणजे गोड, आणि गोड मक्याला तिकडे सिहि जोळच म्हणतात. पण माझ्या कानाने पुढचा शब्द तेवढा उचलला. जोळ! डॉक्टरीणबाई जोळ खा म्हणाल्या होत्या. कोरडं की ओलं, कणसातलं की डब्यातलं, ते कुठे म्हणाल्या होत्या? मी सहा डबे घेतले, आणि ते संपत आले की आणखी सहा.

मग रोज दुपारी माझं व्रत सुरू झालं. डब्याची कडी ओढायची, दाणे पाण्यासकट पातेल्यात ओतायचे, लोण्याचा गोळा टाकायचा आणि वरून थोडी साखर, कारण सिहि म्हटलं की ते सिहि लागायला हवं. रिकामा डबा कागदात गुंडाळून लांबच्या कचऱ्यात. भरलेले डबे लुगड्यांच्या गाठोड्यात. संध्याकाळी मुलासमोर आणि सुनेसमोर दोन भाकरी आणि अंबाड्याची भाजी, उपास केल्यासारखं तोंड करून.

पंधरा दिवसांनी रक्त तपासलं तर शुगर उतरायच्या ऐवजी चढलेली. डॉक्टरीणबाई सुनेकडे वळल्या आणि तू यांना काय खाऊ घालतेस, म्हणून तिला धारेवर धरलं. सून लातूरची, तिचं कन्नड तेव्हा अर्धंमुर्धं. भाकरी, भाजी, पातळ वरण, एवढंच ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली. मी भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत बसले. तो मला दिसतही नव्हता.

परत येताना ऑटोत ती म्हणाली, "आत्याबाई, माझंच काई चुकायलंय का?"

त्यावर मी काय म्हणाले असेन? म्हणाले, हवापाणी बदललं की होतं असं. एरवी त्या वेळच्या स्वतःची मी पोटभर थट्टा करते, पण त्या ऑटोतल्या बाईची करवत नाही. लेकीचे दिवस भरत आले होते, डोळा लांबला होता, आणि त्याचं खापर गरीब पोरीच्या डोक्यावर फुटलं होतं.

रविवारी सुनेने विचार केला की डोळा काही वेळेत होत नाही, तर दुपटं आपणच शिवायला घ्यावं. मला न सांगताच तिने गाठोडं सोडलं. त्यातून डबे गडगडत बाहेर आले. एक थेट माझ्या पायाशी येऊन थांबला. मला दिसला नाही, पण आवाजावरून ओळखला.

"आत्याबाई, हे काय हाय?"

"जोळ."

"जोळ?"

"सिहि जोळ. विचार जा दुकानातल्या अण्णाला. डॉक्टरीणबाईच म्हणल्या न्हाईत का, जोळ खा म्हणून?"

"जोळ हाय तर मग लपवलात कामून?"

तिने डबा उजेडात धरून त्यावरचं बारीक इंग्रजी वाचलं आणि मला मराठीत सांगितलं: मक्याचे दाणे, पाणी, साखर, मीठ. साखर हा शब्द तिने दोनदा वाचला. मग म्हणाली, "आन वरून रोज दोन भाकरी बी खायलात की."

"मग काय करू? भाकर सोडली असती तर तुला संशय आला असता."

ती तिथेच पसरलेल्या लुगड्यांवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मला वाटलं, सुटले. पण ती तोंड पुसून उठली आणि म्हणाली, "उद्या हेच डॉक्टरीणबाईला सांगायचं. तुम्ही. कन्नडात."

सांगितलं. हिची काही चूक नाही, हे वाक्य मी आधी म्हटलं आणि डबा टेबलावर ठेवला. मला वाटलं, त्या डबा फेकून देतील. त्या हसल्या. म्हणाल्या, या दाण्यांत वाईट काही नाही. पोट साफ ठेवणारा चोथा आहे, थोडी प्रथिनं आहेत, जीवनसत्त्वंही आहेत. डब्यात भरलं म्हणून सगळं सत्त्व उडून जात नाही. पण ज्या पाण्यात दाणे मुरतात त्यात मीठ असतं, आणि या डब्यात तर साखरही आहे. ते पाणी ओतून टाकायचं, दाणे नळाखाली धुवायचे, साखर न घातलेला डबा निवडायचा. लोण्याचा गोळा डब्यासोबत येत नाही, हेही त्यांनी ऐकवलं. आणि मुख्य म्हणजे मका हे धान्य आहे, भाजी नव्हे. वाटीभर खायचा तर भाकरीच्या जागी खायचा, भाकरीच्या जोडीला नाही. शेवटी मला समजेल अशा शब्दांत म्हणाल्या, "जोळ अंद्र रोट्टि, अक्का." जोळ म्हणजे भाकरी.

पण शुगर काही माझ्या कबुलीने एका दिवसात उतरणार नव्हती. बाळ संक्रांतीच्या आधी चार दिवस आलं. मुलगी. मला ती धुक्यातल्यासारखी दिसली. सुनेने रोज कामावरून आल्यावर बसून दुपट्याच्या तीन बाजू शिवल्या, चौथीला फक्त कच्चे टाके घातले. म्हणाली, "ही तुमची." बारशाला बायकांनी विचारलं, ही बाजू अशी कशी. सून म्हणाली, आमच्याकडे अशीच रीत हाय.

शुगर उतरली, डोळा झाला, डॉक्टरीणबाईंनी शिवायची परवानगी दिली. तिसऱ्या खेपेला दोरा नेढ्यातून गेला. मी चौथी बाजू शिवली.

आता डबा सुनेच्या स्वयंपाकघरात फळीवर सगळ्यांना दिसेल असा ठेवलेला असतो. तो ज्या दिवशी फुटतो त्या दिवशी दाणे चाळणीत धुतले जातात आणि माझ्या ताटात एक भाकरी कमी येते. सून त्यात कधी चुकत नाही.

परवा नात सुट्टीला आली होती. तिने ते विटलेलं दुपटं मांडीवर घेऊन निरखलं आणि विचारलं, "आज्जी, तीन बाजू कशा सरळ हायत, आन ही एकच कोंबडीनं उकरल्यावानी कामून?"

"ती तुझ्या मामीनं शिवलेली," मी म्हणाले.

आत चाळणीवरचा नळ बंद झाला. सुनेचा आवाज आला, "आत्याबाई."

माझ्या वाटीत यायचे दाणे अजून तिच्याच हातात होते. "माझी गं माझी," मी नातीला म्हणाले, "तीन सरळ हायत त्या तुझ्या मामीच्या."

नळ पुन्हा सुरू झाला.