आभाराच्या पानावर आई नाही

माझी आई माइकसमोर उभी होती आणि अख्खं सभागृह तिला हसत होतं.

गोंदियातल्या एका कॉलेजचं सभागृह. दोन हजार आठ-नऊची गोष्ट. एका कोकणी कादंबरीच्या मराठी अनुवादाचं प्रकाशन होतं. मूळ कादंबरीला राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला, म्हणून लेखक खास गोव्याहून आलेले. अनुवाद कॉलेजातल्या मराठीच्या सरांचा. त्यांनीच आईला मागच्या रांगेतून स्टेजवर बोलावलं. "या मावशी. भाताच्या रोवण्याबद्दल सांगा जरा. तुमच्या भाषेत हं, अगदी तशीच." आईला वाटलं, आपल्याला मान देताहेत. पदर सावरून ती म्हणाली, "रोवण्यात एकदा कंबर लवली त सांजवरी सरळ होत नाई जी."

हशा पिकला. सरांनी तिच्या 'जी'ची नक्कल केली. पुन्हा हशा. पाहुणे लेखकही हसले. त्यांना काही कळलं नसावं, पण हसले.

आई तिथं का होती, ते सांगते. मी डीटीपीच्या दुकानात टाइपिंग करायची, सरांचा अनुवाद माझ्याकडेच आला. आम्ही चिचगडकडचे. बौद्ध. दुसऱ्यांच्या धानात राबणारे. कादंबरी भातशेतीवरची आणि सर तिच्या हिंदी अनुवादावरून मराठी करत होते. सरांच्या घरी शेती भरपूर, पण त्यांच्या घरातल्या कुणी चिखलात पाय घातला नव्हता. तो आमच्यासारख्यांनी घालायचा. शब्द अडला की सर जागा कोरी सोडायचे आणि बाजूला लिहायचे, 'आईला विचार'. मी शनिवारी एसटीनं गावी जायची. आई भाकरी थापता थापता सांगायची. धानाच्या रोपांच्या पेंड्या कशा बांधतात, धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पाणी कसं अडवतात, बाळंतीण कितव्या दिवशी चिखलात उतरते. सोमवारी मी त्या कोऱ्या जागा भरायची.

शेवटी आभाराचं पान आलं. प्राचार्य, पत्नी, पत्नीचे भाऊ, मुखपृष्ठ काढणारा. आई नव्हती. ते पान मीच टाइप केलं. दोनदा तपासलं. नोकरी जाईल म्हणून तोंड उघडलं नाही. प्रकाशनाला आईला घेऊन ये, असं सरांनी सांगितलं, तेव्हा तिला घेऊनही गेले.

आणि त्या दिवशी, आईच्या आधी, लेखक बोलले होते. लहानपणी त्यांच्या कोकणीला लोक नुसती बोली म्हणून हिणवायचे. त्यांची आई शाळेत आली की मास्तर तिच्या बोलण्याला हसायचे. आज तीच भाषा राष्ट्रीय पुरस्कार घेते आहे. लोकांचे डोळे पाणावले. टाळ्या थांबेनात. दहा मिनिटांनी त्याच लोकांनी माझ्या आईची टर उडवली. कुणालाही काही खटकलं नाही.

आणि मला? खरं सांगते. मीही हसले. दाराशी पुस्तकांच्या टेबलाजवळ उभी होते, शेजारी कॉलेजच्या मुली होत्या. ही बाई माझी आई आहे हे त्यांना कळू नये, म्हणून त्यांच्याहून मोठ्यानं हसले.

बसस्टँडवर आईनं विचारलं, "सारे हासले त हासले. तू काऊन हासली वो?"

"लाज वाटली मले."

एसटीत ती माझ्या शेजारी न बसता पुढच्या सीटवर जाऊन बसली. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला स्वतःचीच किळस आली.

पंधरा दिवसांनी सर दुकानात आले. हातात दुसऱ्या एका कोकणी कादंबरीचा हिंदी अनुवाद. "हीसुद्धा पुरस्कारप्राप्त आहे. रविवारी आईला घरी घेऊन ये. बसून शब्द काढू."

"नाही आणणार."

"काऊन?" सर मुद्दाम आमच्या बोलीत म्हणाले आणि मालकाकडे बघून हसले.

इतकी वर्षं दुकानात मी गावचं अक्षर तोंडातून बाहेर पडू दिलं नव्हतं. त्या दिवशी पडलं. "माही माय तुमची डिक्शनरी नाई, सर. तिचं नाव छापता येत नाई त तिले बलावू नका."

सरांचा चेहरा पडला. "तुम्ही लोक चार अक्षरं शिकलात की असं होतं."

"पागल हो गई क्या?" मालक ओरडला. "माफी मांग सर से."

मागितली नाही. डबा उचलला आणि निघाले. नोकरी गेली.

आता मी लिहिते. आई सांगते तसंच लिहिते, एक शब्दही सुधारत नाही. राष्ट्रीय पुरस्काराच्या भाषांच्या यादीत आमच्या झाडीबोलीला जागा नाही, ठाऊक आहे. कोकणीला ती लढून मिळाली, याचा मला आनंदच आहे. आमचं आम्ही लढू. पुस्तकावर लेखिका म्हणून नाव आईचं राहील. शेवटच्या पानांवर शब्दांचे अर्थ देणार नाही. ज्याला अर्थ हवा असेल त्यानं आमच्या गावी यावं, अंगणात बसावं आणि आईला नीट विचारावं. ती सांगेल. हसला, तर मी त्याला तिथून उठवून लावीन, मग तो कितीही मोठा लेखक असो.