आमच्या साइटवरचे पाच शिक्के

मी आणि माझी जाऊ लातूरला घरीच येसर करतो. गहू, हरभऱ्याची डाळ, धने, मिरे असं सगळं भाजून दळायचं. हे पीठ पाण्यात कालवून फोडणीत सोडलं की आमटी तयार. ओळखीपाळखीत ते खपायला लागलं तेव्हा जाऊ म्हणाली, "आता आपली साइट पाहिजे."

साइट बनवली ती लग्नपत्रिका छापणाऱ्या आमच्या ओळखीच्या भाऊंनी. लग्नसराई नसली की ते हेही काम करतात. साइट उघडली आणि आम्ही दोघी हरखून गेलो. येसराच्या वाटीचा फोटो आणि त्याखाली ओळीनं पाच शिक्के. हिरवं कुलूप, ढाल, सोनेरी गोल, त्यात 'विश्वसनीय विक्रेता'. जावेनं त्या पानाचा फोटो लगेच औशाला माहेरी पाठवला. "बघा, आपल्याला शिक्का मिळालाय!" कुणी दिला, हे ना तिनं विचारलं, ना मी.

विचारलं ते नांदेडच्या एका बाईंनी. आम्ही डाळ भाजत असताना त्यांचा फोन आला.

"मी रिटायर सिस्टर हाय, सरकारी दवाखान्यातली. तुमच्या त्या सोनेरी शिक्क्यावर कवाची बोट दाबून राहिले, काहीच उघडंना. कुणी दिला हो तो?"

"साइटवाल्यांनी लावलाय," मी म्हणाले.

"आणि त्यांना कुणी दिला?"

त्या रागावल्या नव्हत्या. उलट हसत सांगायला लागल्या, "मागं असेच शिक्के बघून मी साडी मागवली, तर आला परकर. तवापासून आधी दाबून बघते. शिक्का खरा असला तर देणाराचं पान उघडतं, त्यावर दुकानाचं नाव असतं. न्हाई उघडलं तर ते नुसतं चित्र. आणि काय हो, दुसऱ्या एका शिक्क्यावर 'तीस दिवसांत पैसे परत' लिहिलंय. निम्मं खाऊन पाठवलं तर घ्याल का?"

मी हबकलेच. असं काही आपण कबूल केलंय हेच मला माहीत नव्हतं. गॅस बंद करून आम्ही दोघी तडक भाऊंच्या दुकानात गेलो.

भाऊ निवांत होते. "वहिनी, पत्रिकेवर गणपती छापतो का न्हाई? तसंच हे. शोभा येते."

"गणपतीच्या नावानं कुणी पैसे परत मागत न्हाई, भाऊ," जाऊ म्हणाली.

त्यांना हसू आलं. मग मात्र त्यांनी नीट समजावलं. "ब्राउझरमधी वर तुमच्या साइटच्या पत्त्याला जे कुलूप हाय, ते खरं. गिऱ्हाईकानं भरलेली माहिती वाटेत दुसऱ्या कुणाला वाचता येत न्हाई, एवढाच त्याचा अर्थ. दुकानदार कसा हाय ते त्यातून कळत न्हाई. ठगालाही तसलं कुलूप मिळतं. बाकी हे पाच म्हणाल, तर मीच चिकटवलेत."

"मग आपल्याकडं खरं काय हाय?" मी विचारलं.

तिथंच बसून आम्ही ते लिहून काढलं. अन्न परवान्याचा नंबर, जो कुणालाही सरकारी साइटवर तपासता येतो. घरचा पत्ता, फोन. पाकीट फुटकं किंवा माल खराब निघाला तर सात दिवसांत बदलून देऊ, हेही लिहिलं, कारण ते आम्हाला जमण्यासारखं होतं. भाऊ एकेक शिक्का काढायला लागले. जावेचा जीव सोनेरी गोलात अडकला होता. "तो तरी राहू द्या, लई छान दिसतो." पण तोही काढला. पान एकदम बोडकं दिसायला लागलं.

मी सिस्टरना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी परवान्याचा नंबर तपासला आणि दुसऱ्या दिवशी अर्धा किलोची ऑर्डर आली. जाऊ दिवसभर गुणगुणत होती.

मागच्या महिन्यात सिस्टर एका लग्नासाठी लातूरला आल्या तेव्हा आमच्या घरीही आल्या. आल्या त्या थेट स्वयंपाकघरात. चष्मा चढवून डबे उघडून बघितले, पाकिटांवरच्या तारखा वाचल्या, मग मांडी घालून आमटी-भाकरी जेवल्या. जावेनं हळूच विचारलं, "सिस्टर, तुमचा फोटो साइटवर टाकू का?"

"टाका की," त्या म्हणाल्या. "पण थांबा, पदर नीट करू द्या."