लाकडी माणसाचं काळीज

अब्बांनी केलेला लाकडी माणूस माझ्या विज्ञानाच्या वर्गातून हलवायचं मुख्याध्यापकांनी ठरवलं, तेव्हा मी सरळ नाही म्हणाले.

अब्बा वालचंदनगरच्या कारखान्यात ओतकामासाठी लाकडी नमुने करायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी, मी शिकवते त्या निरवांगीच्या शाळेसाठी, हे धड घडवलं. फुप्फुसं, जठर, आतडी, सगळं खुंट्यांवर बसणारं, काढून हातात घेता येणारं. ओतलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून नमुना थोडा मोठाच करायचा ही त्यांची जन्माची सवय. त्यामुळे आमचा माणूस जरा फुगलेलाच आहे. नावंही त्यांनीच रंगवली. यकृतावर लिहिलं, ‘काळीज’.

तपासणीला आलेले साहेब ते वाचून खो खो हसले. काळीज म्हणजे हृदय, एवढंही कळू नये? त्यांची गाडी फाटकाबाहेर पडते न पडते तोच मुख्याध्यापकांनी फर्मान काढलं, नाव खरवडा, नाहीतर धड अडगळीच्या खोलीत टाका. आता प्लास्टिकचं मिळतं.

अडगळीच्या खोलीत वाळवी आहे. आणि अब्बांचे हात आता कापतात, दुसरं धड होणं नाही. माझं डोकंच फिरलं. प्लास्टिक येण्याआधी शिकवायची ही शरीरं कुणी केली? कागदाचा लगदा, मेण, लाकूड घेऊन बसलेल्या अशाच कारागिरांनी. डॉक्टर होणाऱ्यांनीही शिकताना तीच हाताळली.

घरी सांगितलं तर अब्बा खवळले. “मटणाच्या दुकानात काळीज मागितल्यावर काय देत्यात? ह्येच की! मग माझं काय चुकलं?”

दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापकांना विचारलं, “सर, रविवारी तुम्ही काळीज आणता, ते हृदय असतं का?”

सर चष्मा पुसत बसले. मी रंगाची डबी उघडली आणि ‘काळीज’च्या खाली ‘यकृत’ लिहिलं. वरचं अब्बांचं अक्षर तसंच ठेवलं.

परवा चाचणीत प्रश्न होता, पित्तरस कुठे तयार होतो? निम्म्या वर्गानं लिहिलं, काळजात. मी पूर्ण गुण दिले. सर पेपरांचा गठ्ठा घेऊन तरातरा वर्गात आले. “मॅडम, उद्या कुणी विचारलं तर उत्तर कोण देणार?”

“मी देईन,” म्हटलं. “ते काळीज माझ्या अब्बांचं आहे, सर. त्याला कुणी हात लावायचा नाही.”