कुंभाराच्या घरापुढची मोकळी जागा

रविवारी दुपारी दोनला मी लॅबचं शटर ओढते, हात कोपरापर्यंत धुते आणि घरी येऊन लॅपटॉप उघडते. तेलगावात रक्त-लघवी तपासणारी बाई रविवारी दुपारी काय करते हे विचारायला कुणी येत नाही, आणि आलं असतं तर सांगणं अवघड झालं असतं. आम्ही तिघी खेळ खेळतो. एकीनं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. कुणी चोर, कुणी वैदीण, कुणी पहारेकरीण. काय जमलं आणि काय फसलं ते फाशांवर ठरतं. होस्टेलवर असताना आम्ही हे जमिनीवर खडूनं रेघा मारून, माणसांच्या जागी शेंगदाणे ठेवून खेळायचो. आता एक मैत्रीण पुण्यात आहे, दुसरी कडा या गावी शाळेत शिकवते, आणि मी इथं. गोष्ट सांगायचं काम पहिल्यापासून माझ्याकडेच आहे.

बरीच वर्षं आम्ही नुसत्या व्हिडिओ कॉलवर भागवलं. मी कागदावर नकाशा काढायची आणि कॅमेऱ्यापुढं धरायची. मग पुण्याची म्हणाली की हे आता पुरे. तिचं कामच सॉफ्टवेअर तपासायचं, नव्या गोष्टीतल्या चुका हुडकायचं. अशा खेळांसाठी कॉम्प्युटरवरची टेबलं मिळतात, म्हणजे नकाशा आणि त्यावरची माणसं सगळ्यांच्या पडद्यावर एकदम मांडणारी सॉफ्टवेअरं, त्यातली तीन तिनं निवडली. तिन्ही एकेका रविवारी वापरून बघायची आणि मग एक ठरवायचं. तिनं तक्ताही केला, कुठलं किती वेळात उघडतं, कुणाच्या नेटवर अडतं, नकाशा लावायला किती मेहनत. आणि अट घातली की नकाशा तिन्हींवर एकच हवा, नाहीतर तुलना खोटी.

मला काय नकाशा काढावा ते सुचेना. किल्ले, भुयारं नेहमीचीच झाली होती. मग आमच्या जुन्या गावाचं डोक्यात आलं. ते धरणात गेलं तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. मी वाढले ती पुनर्वसनातल्या सरळसोट, पट्टीनं आखलेल्या गल्ल्यांत. पण माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण, त्या गावात बारा वर्षांची होईपर्यंत राहिली होती. तिचे यजमान गेल्यापासून ती माझ्याकडेच असते.

आत्याला नकाशा कळत नाही, पण पावलं कळतात. मी वही घेऊन बसले आणि ती डोळे मिटून गाव चालू लागली. वेशीपासून डावीकडं वीस पावलं सुताराचं घर. तिथून वळलं की बारव, पायऱ्या सतरा, खालच्या दोन कायम पाण्यात. तीन संध्याकाळी आम्ही असं गाव काढलं. ती कुठं अडखळली नाही. फक्त कुंभाराच्या आळीत आली की एकदम म्हणायची, "आन् हितून चाळीस पावलं मारुती." एवढ्या दाट आळीत चाळीस पावलं काहीच कसं नाही, म्हणून मी मध्ये काय होतं ते विचारलं. ती म्हणाली, "काई न्हाई. मोकळंच हाय." मी तिथं काही काढलं नाही.

पहिलं टेबल अगदी साधं होतं. मी लिंक पाठवली, दोघींनी उघडली, झालं. कड्याच्या नेटवरसुद्धा चाललं, आणि कड्याच्या नेटवर चालणं म्हणजे काय हे तिलाच ठाऊक. नकाशावर आधी सगळीकडं काळं धुकं असतं. खेळणाऱ्या पुढं सरकल्या की तेवढंच धुकं मी माऊसनं हातानं पुसायचं. हे किचकट होतं. पुण्याचीनं तक्त्यात तसं लिहून टाकलं. कुंभाराच्या घरापुढचं धुकं पुसलं तेव्हा कड्याची सहज म्हणाली की ही जागा रिकामी कशी, दात पडल्यासारखी दिसते. मी आत्याचं उत्तर तिला दिलं आणि आम्ही पुढं गेलो.

दुसरं टेबल आपल्याच कॉम्प्युटरवर बसवावं लागतं आणि बाकीच्यांनी त्याला जोडून घ्यायचं. ते जोडण्यात माझी शनिवारची अख्खी संध्याकाळ गेली. पण त्यात भिंती होत्या, दारं होती, दिवे होते. नकाशावर जिथं भिंत आहे तिथं मी रेघ मारायची. मग ज्याच्या हातात कंदील आहे त्याचा उजेड भिंतीला अडतो, आणि प्रत्येकीला आपल्या माणसाला दिसतं तेवढंच दिसतं. ते दिवस डेंग्यूचे होते. दिवसभर प्लेटलेट मोजून डोळे चुरचुरायचे, आणि संध्याकाळी मी वहीत बघून रेघा मारायची. दिवे अकरा लावले. वहीत तसं लिहून ठेवलं होतं.

रविवारी पुण्याचीची पहारेकरीण कंदील घेऊन कुंभाराच्या आळीत शिरली. थोडी पुढं गेली आणि थांबली.

"इथं भिंत आहे," ती म्हणाली.

गोष्ट सांगणारीला सगळ्या रेघा दिसतात. मी बघितलं. मोकळ्या जागेत चार भिंतींचं एक घर उभं होतं. आळीकडच्या भिंतीत दार होतं, आणि दारावर कुलपाची छोटी खूण. वाटलं, मारुतीचं देऊळ चुकून इथं काढलं असेल. पण देऊळ जागच्या जागी होतं. तेवढ्यात तिनं आपलं माणूस घराला वळसा घालून मागं नेलं होतं.

"मागून उजेड येतोय. जमिनीवर पट्टा पडलाय, पिवळा. आत कुणीतरी दिवा लावलाय गं."

कड्याचीलाही तेच दिसत होतं. दोघी खूश होत्या, त्यांना वाटलं मी गोष्टीत काहीतरी पेरून ठेवलंय. आत कोण आहे म्हणून विचारायला लागल्या. दुपारचे साडेतीन झाले असतील, बाहेर ऊन होतं. लाईट गेली असं खोटं सांगून मी लॅपटॉप मिटला.

नंतर एकटीनं उघडून तपासलं. घराच्या तीन भिंती पक्क्या जुळल्या होत्या. मागची भिंत एका बाजूला दाराएवढी अपुरी सुटली होती, उजेड तिथूनच सांडत होता. आत एक दिवा होता, बारावा. आता याला कारणं देता येतात. मी थकलेली होते. शेजारच्या घराच्या रेघा चुकून दोनदा डकवल्या गेल्या असतील, दिवाही त्यांच्याबरोबर आला असेल. रोज सूक्ष्मदर्शकातून बघणारीनं असल्या गोष्टींवर विश्वास ठेवू नये. पण शेजारच्या घराला कुलूप नव्हतं. मी ते सगळं पुसलं, आणि पुसताना कुणीतरी पाठीमागून बघतंय असं वाटून दोनदा वळले. आत्याला यातलं अक्षर सांगितलं नाही. मैत्रिणींनाही नाही.

तिसरं टेबल बघायला सगळ्यांत देखणं. भिंती खरोखर उभ्या राहतात, मातीची सपाट माळवदं दिसतात, सावल्या पडतात. पण गाव पहिल्यापासून पुन्हा रचावं लागलं, माझ्या लॅपटॉपचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा आवाज करायला लागला, आणि कड्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर ते उघडलंच नाही. ती नुसती फोनवर ऐकत बसली. या वेळी मी कुंभाराच्या घरापुढं काहीही ठेवलं नाही. तीनदा तपासलं. जमीन होती, दुसरं काही नव्हतं.

आत्या त्या दिवशी खोलीतच होती, सुपात तूर निवडत. पुण्याची आपली बाहुली आळीतून चालवत आली आणि म्हणाली की कुंभाराच्या घरापुढं ही अडकते, पुढं सरकतच नाही. मला पडद्यावर मोकळी जमीन दिसत होती. तिनं बाहुली मागं घेतली, पुन्हा पुढं ढकलली. पुन्हा तिथंच अडली. बग आहे, असं म्हणून ती तक्त्यात लिहायला लागली.

सुपाचा आवाज थांबला होता. आत्या माझ्याकडं न बघता म्हणाली,

"तिला सांग, ते दार उघडू नको म्हनावं."

कुणी दाराचा शब्द काढला नव्हता. पुण्याचीनंही स्पीकरवर ते ऐकलं. मी दोघींना नंतर फोन करते म्हणाले आणि आत्याजवळ जाऊन बसले. कुठलं दार, म्हणून विचारलं. तूर हातात धरून बसली होती.

तिनं सांगितलं ते असं. कुंभाराच्या घरापुढं एक घर होतं. मुलगा आणि सून दर वर्षी दिवाळीनंतर कोयत्याला जायचे, ऊसतोडीला, आणि म्हातारी आई घर राखायला मागं राहायची. तिला सगळे काकी म्हणत. त्या साली पौषात गाव हलवायचं ठरलं. लोक आपापली घरं उतरवायला लागले, दारं, चौकटी, माळवदाच्या तुळया गाड्यांत भरून नव्या जागी न्यायला. ज्यांच्या घरात माणूस नव्हतं त्यांची लाकडं दुसरेच काढून नेत. काकी मुलगा येईपर्यंत हलायला तयार नव्हती. तो आल्यावर त्याला घर सापडलं पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं. लोकांनी समजावलं, मग तिनं लेकीकडं जाते असं सांगून सगळ्यांची तोंडं बंद केली.

"निघायच्या दिवशी तिनं मला परसातून बोलावलं," आत्या म्हणाली. "म्हनली, पोरी, म्होरच्या दाराला भायेरून कुलूप घाल. लोकांला वाटंल मी गेले. मी मागून येते-जाते. आन् कुनाला सांगू नको. मी घातलं. किल्ली हातात तशीच ऱ्हायली. भ्या वाटलं म्हनून बारवात टाकून दिली."

त्या संध्याकाळी आत्याच्या घरची बैलगाडी शेवटची निघाली. वेशीबाहेर आल्यावर आत्यानं मागं वळून बघितलं होतं. अख्खं गाव अंधारात होतं, घरांना दारं नव्हती, छपरं नव्हती. काकीच्या परसात तेवढा पिवळा उजेड पडला होता.

मी विचारलं, मग पुढं काय झालं. पाणी तर पावसाळ्यात चढलं, तोवर मुलगा आला असेल. आत्या म्हणाली, आला असंल. काकीच्या घरच्यांना जागा दुसरीकडं मिळाली, पुन्हा कुणाची गाठ पडली नाही. नव्या गावात कुणी म्हणायचं काकी लेकीकडं आहे, कुणी म्हणायचं वारली. आत्याला कुणाला विचारायचीही सोय नव्हती, कारण विचारलं असतं तर कुलपाचं सांगावं लागलं असतं. पुढं लग्न झालं, मुलं झाली, आणि ते तसंच राहून गेलं. तिनं मला नकाशात ती जागा मोकळी सांगितली होती ती याच्यामुळं.

मी तिला माझ्या भिंतींचं आणि बाराव्या दिव्याचं सांगितलं. वाटलं होतं ती घाबरेल. तिनं फक्त विचारलं, उजेड मागल्या बाजूला होता का. मी हो म्हटलं. मग ती पुन्हा तूर निवडायला लागली, पण खडे आणि डाळ दोन्ही एकाच बाजूला टाकत होती.

मैत्रिणींना मी सगळं सांगितलं. पुण्याचीनं माझ्याकडून फाइल मागून घेतली, दोन दिवस तपासली, आणि पुसलेल्या भिंतींचीही तीत नोंद होती, त्या रेघा माझ्याच खात्यातून मारल्या गेल्या होत्या, असं कळवलं. दुसऱ्या कुणाच्या खात्यातून मारल्या जाणार, हेही तिनंच पुढं लिहिलं. बाहुली का अडली ते तिला सापडलं नाही. तिचा तक्ता पूर्ण झाला तेव्हा त्यात दुसरं टेबल सगळ्यांत सरस ठरलं. तिचं चुकलं नव्हतं. तरी आम्ही तिघींनी पहिलं घेतलं, हातानं धुकं पुसायचं. उशीर लागतो, पण काय उघडायचं आणि काय नाही हे माझ्या बोटांत राहतं. तो नकाशा मात्र मी पुन्हा कुठं लावला नाही.

त्या वैशाखात धरणाचं पाणी बरंच मागं गेलं. आत्या म्हणाली, मला ने. एका सकाळी आम्ही गेलो. गाडी जाते तिथपर्यंत गाडीनं, पुढं भेगाळलेल्या गाळातून चालत. मारुतीचा चौथरा वर आला होता, त्याच्यावर बगळे बसले होते. आत्यानं चौथऱ्याला हात लावला, तोंड फिरवलं आणि मोजायला लागली. मी मागं मागं. तिचं पाऊल आता लहान झालंय, म्हणून तिला चाळिसाच्या जागी साठ पडली.

ती थांबली तिथं एका माणसानं गाळपेर केली होती, पाणी हटलेल्या जमिनीत काकडी लावली होती. इंजिन लावून तो वेलांना पाणी देत होता. आम्ही कोण, कुठल्या, असं त्यानं विचारलं. चाळिशीचा असेल, गाव बुडालं तेव्हा तोही जन्मला नसेल. आणि आत्यानं त्याला सगळं सांगितलं. घर, काकी, कुलूप, बारवात टाकलेली किल्ली. इतकी वर्षं जे सख्ख्या भावालाही सांगितलं नव्हतं, ते त्या अनोळखी माणसापुढं उन्हात उभी राहून एका दमात सांगितलं. तो फावड्यावर हात ठेवून ऐकत होता.

मग म्हणाला, "हितं काय काय घावतं, आत्या. मागल्या साली जात्याचा खालचा दगड घावला. त्याच्यावरच इंजिन ठिवलंय."

आत्या वाकून बघायला लागली. इंजिनाखाली गोल काळा दगड होता, तेलानं माखलेला. कुणाच्या जात्याचा होता ते तिला ओळखता येणार नव्हतं, आळीत घरोघरी तसलीच जाती होती. ती म्हणाली, "हे तेवढं काढशील का बाबा यावरून?"

त्यानं का म्हणून विचारलं नाही. इंजिन बंद केलं. एकदम इतकं शांत झालं की बगळे उडाल्याचा आवाज आला. मी एका बाजूनं धरलं, त्यानं दुसऱ्या, आणि दोघांनी मिळून ते शेजारच्या धोंड्यावर सरकवलं. आत्या तोवर पदराच्या टोकानं दगडावरचं तेल पुसत बसली होती. त्यानं आम्हाला चार काकड्या दिल्या आणि इंजिनाला पुन्हा दोरी गुंडाळली.