माझ्या मांडवाची सावली

माझ्या लग्नाच्या मांडवानं आमच्या नाल्यातल्या मासोळ्या मारल्या. मी हे बोलले की नवरा म्हणतो, "झालं हिचं सुरू!" पण खरं ते खरं.

माझं माहेर आंधळगावच्या अंगाला. धानाच्या बांधीला लागून नाला, आणि त्याच्या वळणावर एक डोह. काठावरची चार जांभळं अशी ओणवी, की दुपारचं ऊनही पाण्याला शिवायचं नाही. तळाच्या वाळूत झरा. भर वैशाखात पाय घातला की थंडगार! बोटभर चंदेरी मासोळ्या तिथंच उन्हाळा काढायच्या. बाबा बांधीतून आले की आधी डोहात पाय सोडून बसायचे. मासोळ्या टोचायला लागल्या की हा एवढा तापट माणूस खुदुखुदु हसायचा.

आमच्याकडे मांडव जांभळाच्या डहाळ्यांनी झाकतात. माझं लग्न मे महिन्यातलं. गावातली जांभळं लांब, डोहावरची हाताशी. बाबा स्वतः कुऱ्हाड घेऊन चढले. आई खालून ओरडली, "अवं, थोड्या तरी ठेवा जी!"

"एकच पोरगी हाये माही. तिच्या डोक्यावर ऊन नाही येऊ देत," बाबा म्हणाले.

दोन बैलबंड्या भरल्या. मांडव इतका गार, की वऱ्हाडी उठायलाच तयार नव्हते. मी तर मिरवत होते!

आठ दिवसांनी माहेरी आले. मी डोहाशी गेले. जांभळांचे नुसते खुंट उरलेले. पाणी अर्धं आटलेलं, कोमट, आणि काठाला मासोळ्या पांढरी पोटं वर करून पडलेल्या. मागून आलेले बाबा म्हणाले, "मीच मारल्या, बाई." अंगाची हळदही उतरली नव्हती माझ्या. मी तिथंच बसून रडले.

मग बाबांनी ध्यासच घेतला. दोन खुंट फुटले, दोन वाळले. वाळलेल्यांच्या जागी नवी रोपं लावली. नाल्याकाठची बेशरमाची झुडपं उपटली, ढोरं खालच्या अंगाला पाण्यावर न्यायला लागले. काठची एक पट्टी नांगरायची बंद केली, माती डोहात उतरू नये म्हणून. भाऊ चिडायचा, "मासोळ्यायसाठी धान सोडाचा का आता?" बाबा म्हणायचे, "हो, सोडाचा."

पावसाळ्यात वरच्या अंगानं मासोळ्या यायच्या आणि उन्हाळ्यात मरायच्या. अशी कितीतरी वर्षं गेली. मधेच साखरेच्या आजारानं बाबांच्या पायांची जाणीव गेली. मग दर उन्हाळ्यात मला डोहावर नेऊन म्हणायचे, "पाय घालून पाह्य बरं. थंड हाये का?"

एकदा त्यांचा चेहरा बघवेना म्हणून मी म्हटलं, "हो बाबा, थंड आहे."

"खोटं नको बोलू."

त्यानंतर कधी खोटं बोलले नाही. पण बाबा थकत चालले होते, आणि मला एकच धास्ती होती, की यांच्या डोळ्यांदेखत हे पाणी थंड होतं की नाही.

मागच्या मे महिन्यात भाचीचं लग्न झालं. मांडवावर हिरवी जाळी होती. पाव्हणे कुजबुजले, "जांभळाबिगर का मांडव असते?" भाऊच खेकसला, "ज्याले ऊन लागते, त्यानं झाडाखाली बसावं!" मला त्याचा असा लाड आला, काय सांगू.

जेवणं उरकल्यावर बाबांना धरून डोहावर नेलं. काठावर गच्च सावली होती. मी पाय घातला आणि सर्रकन शहारा आला.

"थंड आहे बाबा."

मग मी त्यांचेही पाय पाण्यात सोडले. थोड्या वेळानं पाणी हललं, आणि त्या आल्या, बोटभर, चंदेरी. बाबांना आता धड दिसतही नव्हतं.

"बाबा, मासोळ्या टोचून राहिल्या तुमच्या पायाले."

"खरंच का उगाच?"

"तुमची आण, बाबा."

पायांना काही म्हणता काही कळत नव्हतं, तरी बाबा गुदगुल्या झाल्यासारखे हसले.