पुंजारामचे डोळे

वडीगोद्रीच्या फाट्यावर, टायरच्या दुकानाला लागून नागसेनचा फोटो स्टुडिओ आहे. ही विद्या त्याला कुणी शिकवली नाही. चुकत चुकत तो शिकला, आणि त्याच्या चुका आसपासच्या गावांना तोंडपाठ आहेत. शहागडच्या एका लग्नात तो चार तास वाकून, लोळून, ट्रॅक्टरवर चढून फोटो काढत राहिला आणि कॅमेऱ्यात कार्डच नव्हतं. कुंभार पिंपळगावात एका गुरुजींच्या निरोप समारंभात शाल, नारळ, हार सगळं स्वच्छ आलं. गुरुजींचं डोकं तेवढं चौकटीबाहेर राहिलं.

पण त्याची खरी खोड निराळीच. तोंडानं "एक, दोन, तीन" म्हणायचं आणि बोट दोनलाच दाबायचं. तीनला डोळे मोठे करू म्हणून माणूस दोनला पापणी मिटून घेतो, आणि नेमका तसाच फोटोत येतो. त्यानं काढलेली निम्मी माणसं अशी बसल्या जागी झोपलेली. मग तो संगणकावर डोळे उघडायला शिकला. त्याच माणसाच्या दुसऱ्या फोटोतले डोळे उचलायचे आणि मिटल्या पापणीवर बसवायचे. हात असा बसला की सख्ख्या आईलाही कळू नये. याचा त्याला फार अभिमान होता.

त्याच्याच वस्तीतला पुंजाराम विहिरी खोदायचा. फोटोचा त्याला तिटकारा. कुणी मोबाइल समोर धरला की तोंड फिरवायचा. लेकीच्या, पायलच्या लग्नात सगळ्यांनी धरून त्याला खुर्चीवर बसवलं. नागसेननं एकच फोटो काढला. दोनलाच. पुंजाराम उठला नि पंगत वाढायला निघून गेला.

गेल्या उन्हाळ्यात तो विहिरीच्या काठावर बसल्या बसल्या गेला. मृत्यूनंतरच्या जलदान विधीच्या आदल्या दिवशी त्याचा मुलगा कल्याण दुकानात आला.

"काका, उद्या लोकं फुलं कशावर वाहतील? आधारवरचा फोटो नुसता काळा डाग हाये. लग्नातला तेवढा बराबर करून द्या."

"त्याच्यात डोळे मिटलेत, बाबा."

"मंग उघडा की. तुम्हाला काय अवघड?"

अवघड हे होतं की पुंजारामचा दुसरा फोटोच नव्हता. नागसेन दुपारभर त्या मिटल्या चेहऱ्यासमोर बसला. हे डोळे कसे होते, हे आठवायला गेला तर काहीच आठवेना. तीस वर्षं एका वस्तीत राहून, रोज "जय भीम" करून, त्यानं या माणसाच्या डोळ्यांत एकदाही नीट पाहिलं नव्हतं. शेवटी त्यानं कॅमेरा स्टँडवर लावला, स्वतः स्टुलावर बसला आणि स्वतःचे डोळे काढून पुंजारामला बसवले.

विधीच्या दिवशी मांडवात बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांजवळ फोटो ठेवला. मेणबत्त्या लागल्या, त्रिशरण-पंचशील झालं, लोक एकेक करून फूल ठेवू लागले. नागसेन मागं बसला, तर फोटो त्याच्याकडं पाहत होता. तो खांबाआड सरकला; फोटोची नजर खांबाआडही आली. आरशात पाहावं आणि आतला माणूस आपण नसावा, तसं त्याला वाटलं.

पुंजारामबरोबर विहिरी खोदणारे वसंता तात्या फूल ठेवून परत आले आणि नागसेनच्या कानाला लागले.

"काय रं, आमच्या घाऱ्याचे डोळे काळे कुणी केले?"

"घारे होते?"

"फोटोग्राफर म्हणतो सोताला! मांजरावानी घारे होते त्याचे. साऱ्या गावाला ठावं हाये."

आजूबाजूची दोन-तीन माणसं खाली मान घालून हसली. नागसेनचे कान तापले. "रंगाचा घोटाळा झाला तात्या, जल्दी दुरुस्त करतो," असं काहीतरी तो पुटपुटला. पण पुंजारामची बायको कौसल्या तेवढी हसली नव्हती. ती फुलं हातात धरून फोटोपुढं बसली होती. तिनं ती वाहिलीच नाहीत.

चार दिवसांनी भर दुपारी ती उशीच्या खोळीत फ्रेम गुंडाळून दुकानात आली.

"नागसेन, मी घरात ह्या फोटोकडं पाठ करून बसून राह्यले. भाकरी थापली तरी वाटतं, परका माणूस बघून राह्यला. पोरगं म्हणतं, माय, तुला भास होतो."

"मावशी, घारे करतो ना. पाच मिनटाचं काम."

"रंग बदलून नजर बदलती का?" ती पुढं आली आणि त्याच्या तोंडाकडं पाहत राहिली. नागसेननं मान वळवली नाही, वळवता आलीच नाही. "तुहे हायेत," ती म्हणाली.

बाहेरून एक ट्रक गेला.

"चुकलो मावशी. दुसरे नव्हते. लग्नात ते खुर्चीवर बसले तेव्हा मीच घाई केल्ती."

"ते मिटलेले हायेत का तुह्याजवळ?"

त्यानं मूळ फोटो संगणकावर उघडला. कौसल्या पडद्यापाशी वाकली. तिचे खांदे उतरले, चार दिवसांत पहिल्यांदाच उतरले असावेत.

"हाच," ती म्हणाली. "जेवण झाल्यावर असाच टेकायचा."

"कल्याण चिडंल. लोक म्हणतील, मढ्याचा फोटो लावला."

"म्हणू दे. माझ्या घरात निजलेला चालंल, परका जागा नको."

त्यानं मिटल्या डोळ्यांचा फोटो छापून फ्रेममध्ये घातला. कौसल्यानं खोळ घडी करून कमरेला खोचली आणि फ्रेम उराशी धरली. टेबलावर पहिला फोटो तसाच राहिला.

"मावशी, याचं काय करू?"

तिनं मागं वळून पाहिलं नाही. "तुहंच हाये. तूच ठेव."

फाडायला गेला तर ते पुंजारामचं तोंड होतं. भिंतीला लावायचं तर ती स्वतःची नजर होती. त्यानं तो फोटो छपाईच्या कागदांखाली खणात ठेवला. आज वर्ष होत आलं.  कागद संपत येऊन फोटोवरचे दोन-चार उरले, की तो ते तसेच ठेवतो आणि वर नवा गठ्ठा रचतो.